बंदिशाळेंतील स्वर

आज मला जें सांगावयाचें आहे त्याला निमित्त एका बोलपटाचें झालें आहे. तो बोलपट अमेरिकेंत तयार झाला, त्याची कथा पोलंडमधील एका नाझी छळछावणींत घडते, आणि त्यांतील पात्रें म्हणजे बंदींत पडलेल्या गायिका व वादक स्त्रिया. परंतु तो पाहत असतां माझें मन वारंवार खानदेशाकडे, धुळ्याच्या तुरुंगाकडे धांव घेत होतें. असें कां व्हावें, या दोन ठिकाणांचा एकमेकांशीं संबंध काय, आणि तो जोडणें कितपत योग्य, याचा थोडा उलगडा करावा एवढाच या भाषणाचा हेतु आहे. प्रथम घरचें सांगतों, मग दूरचें.

पांझरा नदीच्या कांठचें धुळें हें त्या काळीं पश्चिम खानदेश जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे करण्यांत आले. पूर्वेचें ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें. जिल्ह्याचें ठाणें म्हटलें म्हणजे कलेक्टरची कचेरी आली, कोर्ट आलें, आणि त्यांच्या मागोमाग तुरुंगहि आला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहापासून या तुरुंगांत एक निराळाच कैदी येऊं लागला. त्यानें चोरी केलेली नसे, कोणाचें डोकें फोडलेलें नसे. आपण कायदा मोडला हें तो स्वतःच सांगे, आणि त्याबद्दल होईल ती शिक्षा भोगावयास तयार असे.

१९३२ च्या आरंभीं चळवळीनें पुन्हां उचल घेतली आणि धरपकड सुरू झाली. त्या वर्षीं धुळ्याच्या तुरुंगांत जी मंडळी एकत्र आली तींत विनोबा भावे होते. जमनालाल बजाज यांच्यासारखे धनाढ्य व्यापारी होते; गुलझारीलाल नंदा होते, ज्यांच्याकडे पुढें १९६४ व १९६६ सालीं कांहीं दिवस देशाचें पंतप्रधानपद आलें; आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत येणार नाहींत असे खेड्यापाड्यांतले अनेक तरुण होते. या मंडळींपुढें विनोबांनीं गीतेवर बोलावयास सुरुवात केली. रविवार, ता. २१ फेब्रुवारी १९३२ रोजीं पहिलें प्रवचन झालें. पुढें दर रविवारीं एक याप्रमाणें अठरा रविवारीं अठरा अध्याय झाले, आणि ता. १९ जून रोजीं हा क्रम पुरा झाला. हिंवाळा सरतां सरतां आरंभलेलें हें निरूपण वैशाखवणवा ओलांडून मृग नक्षत्रापर्यंत येऊन पोंचलें. खानदेशचा उन्हाळा ज्यानें अनुभवला आहे, त्याला तुरुंगाच्या भिंतींआड मे महिन्याची दुपार कशी जात असेल हें निराळें सांगावयास नको.

बोलणारा बोलून जातो आणि शब्द हवेंत विरतात. हे शब्द विरले नाहींत याचें श्रेय श्रोत्यांत बसलेल्या एका शिक्षकाला आहे. पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे कोंकणांतील पालगडचे. पण १९२४ पासून सहा वर्षें त्यांनीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकविलें, आणि १९३० सालीं शाळा सोडून ते सत्याग्रहांत पडले. खानदेशनें त्यांना आपलें मानलें तें कायमचें. विनोबा बोलत आणि सानेगुरुजी लिहून घेत. ध्वनिमुद्रणाचें यंत्र तुरुंगांत कोठून असणार? कागद, लेखणी, आणि बोलणाऱ्याशीं एकरूप झालेलें मन, एवढींच साधनें. पुढें तीं प्रवचनें पुस्तकरूपानें निघालीं, भारताच्या अनेक भाषांत गेलीं, आणि १९५१ पासून भूदानाच्या पदयात्रेबरोबर खेडोपाडीं पोंचलीं. आज आपण ‘गीता-प्रवचनें’ हातीं घेतों तेव्हां वाचतों तें वस्तुतः एक ऐकलेलें भाषण असतें. ज्याचें बोलणें हवेंतून जातें आणि मग कागदावर उतरतें, अशा माझ्यासारख्या वक्त्याला ही गोष्ट फार जवळची वाटते.

याच १९३२ सालीं विनोबांच्या ‘गीताई’ची पहिली आवृत्ति निघाली. गीतेचा हा मराठी पद्यानुवाद त्यांनीं १९३०-३१ मध्यें पुरा केला होता. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजत नसे. मराठींत चांगली गीता मिळेना, तेव्हां ती तूंच कां करीत नाहींस, असें तिनें मुलाला विचारलें होतें. आई १९१८ सालीं गेली. पुस्तकाच्या नांवांत मात्र ती राहिली. ही गीताई नुसत्या डोळ्यांनीं वाचावयाची नव्हे, मोठ्यानें म्हणावयाची आहे. पुढच्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत सानेगुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं त्यांनीं लेखनास आरंभ केला आणि सोमवार, ता. १३ रोजीं पहाटे पुस्तक संपविलें. एक पुस्तक कर्ता बंदींत पडला त्या वर्षीं छापून निघालें, दुसरें बंदींतच लिहिलें गेलें, आणि दोहोंच्या नांवांत आई आहे! हा योगायोग म्हणून सोडून देतां येईल. परंतु बंदींत पडलेल्या माणसाचें नांव जाऊन त्याला क्रमांक मिळतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे, आपल्याला नांवानें प्रथम हांक मारणाऱ्या व्यक्तीची आठवण त्याला तेथें विशेष कां व्हावी, हें सहज समजतें.

‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं बोलपट काढला. उत्कृष्ट चित्रपटाबद्दलचें राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक १९५४ सालीं त्याला मिळालें. त्याला संगीत वसंत देसाई यांनीं दिलें होतें. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. शेवटीं तें पुन्हां येणार आहे.

आतां या साऱ्या गोष्टींतून एक बारीक भेद मला दाखवावयाचा आहे. सक्तमजुरीच्या कैद्याला त्या काळीं तुरुंगांत जातें ओढावें लागे. जात्याचा आणि गाण्याचा संबंध मात्र खानदेशाला कोणी शिकवावा लागत नाहीं. जळगांवजवळच्या असोदें या गांवीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतां राबतां, घरांत दळतां कांडतां त्यांना गाणें सुचे. मुलगा सोपानदेव याच्यामुळें तीं गाणीं कागदावर आलीं, आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं, प्रस्तावना अत्र्यांचीच. जात्यावर बसलेल्या बाईला दळणें चुकत नाहीं. पहाटे उठून तें तिला करावेंच लागतें. परंतु ओवी तिला कोणी सांगितलेली नसते. दळण दुसऱ्यासाठीं असेल. ओवी मात्र तिची स्वतःची असते. धुळ्याच्या तुरुंगांतहि नेमकें हेंच घडत होतें. श्रम सरकारच्या हुकुमाचे होते, भिंती सरकारच्या होत्या, अन्न सरकार देईल तें होतें. पण रविवारचे शब्द सरकारचे नव्हते. कैद्याचा देह सरकारच्या ताब्यांत होता, वाणी त्याच्या स्वतःच्या ताब्यांत होती.

यावरून आपण एक सिद्धान्त बनवितों, आणि तो फार गोड असतो. कला माणसाला तुरुंगांत तारते, गाणाऱ्याला कोणी बांधूं शकत नाहीं, असें आपण म्हणतों. समारंभांत हें वाक्य टाळ्या घेतें. मी ज्या बोलपटाविषयीं बोलणार आहें त्यानें या गोड वाक्याला मोठाच धक्का दिला. कारण त्यांत श्रम हुकुमाचे आणि गाणें स्वतःचें, अशी विभागणी नाहीं. त्यांत गाणें हीच सक्तमजुरी आहे.

प्रथम त्यामागील इतिहास पाहूं. जर्मनीनें पोलंड जिंकल्यावर १९४० सालीं ऑश्विट्झ येथें छळछावणी उघडली. पुढें तिला लागूनच बिर्केनाउ ही अवाढव्य छावणी उभी राहिली, आणि तेथें विषारी वायूच्या कोठड्यांत माणसें मारण्याचा कारखाना चालूं लागला. या एका ठिकाणीं सुमारें अकरा लक्ष माणसें मारलीं गेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें दहा लक्ष ज्यू होतीं. ता. २७ जानेवारी १९४५ रोजीं रशियन सैन्यानें ही छावणी मुक्त केली, तेव्हां थोडेच हजार जीव तेथें मागें उरले होते.

अशा जागीं वाद्यवृंद होते, हें ऐकून कोणालाहि आश्चर्य वाटेल. पण ते होते, आणि छावणीच्या अधिकाऱ्यांनींच ते उभे केले होते. पुरुष-कैद्यांचा पहिला वाद्यवृंद १९४१ सालीं सुरू झाला. स्त्रियांचा वाद्यवृंद बिर्केनाउमध्यें १९४३ च्या वसंतांत मारिया मांडेल या नाझी अधिकारी बाईच्या हुकुमानें निघाला. त्याचें काम काय? सकाळीं कैद्यांच्या टोळ्या मजुरीसाठीं छावणीबाहेर पडत, तेव्हां फाटकापाशीं बसून कूच-गतीचीं गीतें वाजवावयाचीं, म्हणजे पावलें एका ठेक्यांत पडतात आणि पांच-पांचांच्या रांगा मोजणें सोपें जातें. संध्याकाळीं त्याच टोळ्या थकून, मार खाऊन, कधीं मेलेल्या सोबत्यांना उचलून परत येत, तेव्हां पुन्हां तींच गीतें वाजवावयाचीं. रविवारीं अधिकाऱ्यांसाठीं व कैद्यांसाठीं जलसे होत. धुळ्याचा रविवार आणि बिर्केनाउचा रविवार यांतील अंतर येथें मनाला टोंचल्यावांचून राहत नाहीं.

या वृंदांत चाळीस-पन्नास स्त्रिया होत्या. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, कित्येक तर अजून मुलीच. वाद्यें मिळतील तीं. व्हायोलिन होतीं, मँडोलिन होतीं, अकॉर्डियन होते. एका नीट वाद्यवृंदाला लागणारा मेळ मात्र नव्हता. त्यामुळें प्रत्येक रचना त्या वाद्यांना जुळेल अशी नव्यानें बांधून, कागदावर उतरून घ्यावी लागे. ऑगस्ट १९४३ पासून या वृंदाच्या नायिका आल्मा रोझे होत्या. व्हिएन्नांतील नामांकित व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे यांची ही कन्या, आणि थोर संगीतकार गुस्टाव माहलर यांची भाची. त्या स्वतः युरोपांत नांवाजलेल्या वादक होत्या. एप्रिल १९४४ मध्यें त्या छावणींतच अचानक आजारी पडून वारल्या.

१९४४ च्या जानेवारींत पॅरिसच्या एक गायिका, फानिया फेनेलों, या वृंदांत आल्या. युद्धानंतर तीस वर्षांनीं, १९७६ सालीं, त्यांनीं आपल्या आठवणी फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केल्या. त्यांवरून नाटककार आर्थर मिलर यांनीं पटकथा लिहिली, डॅनियल मान यांनीं दिग्दर्शन केलें, आणि ‘प्लेइंग फॉर टाइम’ या नांवानें हा बोलपट १९८० सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. फानियाची भूमिका व्हॅनेसा रेडग्रेव्ह यांनीं केली, आणि त्यासाठीं आपले केसहि उतरविले. नांवांतच श्लेष आहे. वाजविणें कशासाठीं, तर वेळ मिळविण्यासाठीं; आज वाजविलें तर उद्यांचा दिवस मिळेल, एवढ्यासाठीं.

त्यांतील आरंभींचा एक प्रसंग सांगतों. छावणींत येऊन पडलेल्या, मुंडन झालेल्या, थंडीनें कुडकुडणाऱ्या बायकांत कोणी ‘मॅडम बटरफ्लाय’ या संगीतिकेंतील गाणें म्हणूं शकेल काय, अशी विचारणा होते. फानिया पुढें येते, गाते, आणि तिची निवड होते. निवड होणें म्हणजे थोडी ऊब, अंगावर धड कपडा, आणि कदाचित् जीव. पण ती लगेच आंत जात नाहीं. बरोबरच्या मुलीलाहि घेत असाल तरच मी येतें, असें ती म्हणते. ज्या ठिकाणीं मागण्याचा अधिकारच कोणाला नाहीं त्या ठिकाणीं ती दुसऱ्यासाठीं मागते. त्यानंतर बोलपट जसजसा पुढें सरकतो तसतसा हा एका क्षणाचा मोठेपणा टिकविणें किती कठीण आहे हें आपल्याला दिसूं लागतें. वृंदांतील बायका आपसांत भांडतात, एकमेकींच्या जातीचा नि धर्माचा द्वेष करतात, अन्नाच्या तुकड्यावरून तुटून पडतात. आणि ज्यांनीं सकाळीं माणसें मृत्यूकडे धाडलीं तेच अधिकारी संध्याकाळीं येऊन त्यांचें गाणें डोळे मिटून ऐकतात.

हें शेवटचें दृश्य नाटककाराची कल्पना नव्हे. वृंदांत अनिता लास्कर नांवाची अठरा वर्षांची मुलगी सेलो वाजवी. तिचे आईबाप नाझींनीं आधींच मारले होते. कोणी जगावें आणि कोणी मरावें याचा हातवाऱ्यानें निवाडा करणारा डॉक्टर मेंगेले एकदां तेथें आला, आणि शुमानची एक हळुवार रचना ऐकविण्यास त्यानें तिला सांगितलें. तिनें ती वाजविली. ही गोष्ट पुढें तिनें स्वतःच सांगितली आहे. संगीत ऐकून माणसाचें मन मऊ होतें, हा आपला आणखी एक गोड सिद्धान्त येथें कोसळतो. कान चांगला असला म्हणजे काळीज चांगलें असतेंच, असें नाहीं.

या बोलपटाची एक दुसरी बाजूहि श्रोत्यांनीं जाणून घेतली पाहिजे. वृंदांतून वांचलेल्या कित्येक स्त्रियांना फेनेलोंबाईंचें पुस्तक आणि त्यावरचा बोलपट पसंत पडला नाहीं. विशेषतः आल्मा रोझे यांचें जें कठोर, कोरडें चित्र त्यांत उभें राहिलें आहे तें अन्यायाचें आहे, असें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. आल्मा कडक होत्या हें खरें. चुकीचा स्वर त्यांना खपत नसे. पण त्या कडकपणाचें कारण काय होतें? वृंद बेसूर झाला, अधिकाऱ्यांचें मन त्यावरून उडालें, तर तो मोडला जाणार होता, आणि वृंद मोडणें म्हणजे त्यांतील मुलींच्या जिवावर बेतणें होतें. ज्यांना धड वाजवितां येत नव्हतें अशांनाहि आल्मांनीं स्वरलिपि उतरून घेण्याच्या कामावर ठेवून आसरा दिला. त्या स्वतः गेल्या. पण त्यांच्या वृंदांतील बहुतेक स्त्रिया युद्धाच्या अखेरीपर्यंत जिवंत राहिल्या. तेव्हां ज्या शिस्तीला बोलपट निष्ठुरपणा म्हणतो, तिला वांचलेल्या स्त्रिया आपल्या प्राणांचें कवच म्हणतात. बंदिवासाची कथा दुसऱ्याच्या हातून सांगितली जाते तेव्हां सांगणाऱ्यावर किती मोठी जबाबदारी येते, हें यावरून कळेल. धुळ्याच्या तुरुंगांत खालीं मान घालून लिहिणाऱ्या सानेगुरुजींची थोरवी मला या बोलपटानंतर अधिक उमगली. त्यांनीं दुसऱ्याचे शब्द घेतले, आणि ते त्याचेच राहूं दिले.

आतां या दोन ठिकाणांचा संबंध जोडणें योग्य आहे काय, या प्रश्नाकडे येतों. धुळ्याचा तुरुंग आणि ऑश्विट्झ यांना एका मापानें मोजणें हा मृतांचा अपमान होईल. धुळ्याच्या कैद्यावर खटला झाला होता, त्याला शिक्षेची मुदत ठाऊक होती, आणि ती संपल्यावर तो फाटकाबाहेर पडणार होता. ऑश्विट्झमधील ज्यूवर खटला नव्हता, कारण त्याचा गुन्हा जन्मास येणें हाच होता. आणि त्याच्या शिक्षेला मुदत नव्हती. त्याहून मोठा भेद आणखी एक आहे. सत्याग्रही कैदी ‘नाहीं’ म्हणूं शकत होता. त्याबद्दल त्याला दंडाबेडी मिळे, एकांतवास मिळे, अन्न कमी होई. पण ‘नाहीं’ म्हणून तो उद्यां जिवंत राहूं शके. किंबहुना ‘नाहीं’ म्हणणें हेंच त्याचें शस्त्र होतें. बिर्केनाउच्या फाटकापाशीं व्हायोलिन धरून बसलेल्या मुलीला ‘नाहीं’ हा शब्दच उरला नव्हता. म्हणून, तिनें वाजविलें तें बरें कीं वाईट, हें ठरविण्याचा अधिकार मला नाहीं, आपणांसहि नाहीं. मजुरीवरून परतणाऱ्या कैद्यांपैकीं कोणाला तें संगीत ऐकून क्षणभर घर आठवे, आणि कोणाला तीच क्रूर थट्टा वाटे. दोघेहि खरेंच सांगत होते.

तरीहि एक प्रश्न दोन्ही ठिकाणीं विचारतां येतो, आणि माझ्या मतें तोच या विषयाचा गाभा आहे. बंदिशाळेंतून उमटणारा स्वर कोणाच्या आज्ञेनें उमटला, आणि तो कोणाच्या कानांसाठीं होता? कला तारते कीं नाहीं हें कलेवर अवलंबून नाहीं; तिची मालकी कोणाकडे आहे यावर तें अवलंबून आहे. खुद्द नाझी छावण्यांतच याचें प्रत्यंतर मिळतें. १९३३ सालीं, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षीं, जर्मनीच्या वायव्येस ब्यॉर्गरमोर येथील दलदलींत राजकीय कैद्यांची एक छावणी होती. ‘श्यामची आई’ नाशिकला लिहून झाली त्यानंतर सहाच महिन्यांनीं, २७ ऑगस्ट रोजीं, तेथील कैद्यांनीं स्वतः बसविलेल्या एका खेळांत स्वतः रचलेलें एक समूहगीत म्हटलें. शब्द योहान एसर नांवाच्या खाणकामगाराचे, त्यांवर संस्कार वोल्फगांग लांगहोफ या नटाचा, आणि चाल रूडी गोगुएल यांची. दलदल खणीत राबणाऱ्यांचें तें गीत होतें. दोनच दिवसांत त्यावर बंदी आली. त्याच राजवटीनें दहा वर्षांनीं बिर्केनाउमध्यें हुकूम देऊन वाद्यवृंद उभारला. म्हणजे संगीताची तिला भीति नव्हती. कैद्यानें आपणहून काढलेल्या स्वराची भीति होती. भीति कशाची होती हें कळलें म्हणजे शक्ति कोठें होती हेंहि कळतें.

आमच्याकडेहि या प्रश्नाला एका बोलपटानें उत्तर दिलें आहे. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ सालीं निघाला. कथा ग. दि. माडगूळकर यांची, आणि संगीत, मघाशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें त्या वसंत देसाई यांचें. एक जेलर सहा खुनी कैद्यांना भिंतींबाहेर काढून उजाड माळावर शेती करावयास नेतो, एवढीच त्याची गोष्ट. औंध संस्थानांत १९३९ सालीं स्वतंत्रपूर येथें जी खुली वसाहत कैद्यांसाठीं झाली तिच्यावरून ही कथा सुचली. त्या वसाहतीच्या कल्पनेमागें मॉरिस फ्रीडमन हे होते. हे गृहस्थ वॉर्सा शहरांत जन्मलेले ज्यू अभियंते. हिंदुस्थानांत येऊन येथलेच झाले, आणि भारतानंद या नांवानें ओळखले जाऊं लागले. त्यांच्या जन्मभूमींत माणसांना कोंडण्याच्या छावण्या उभ्या राहत होत्या त्या सुमारास ते येथें भिंतीवांचूनचा तुरुंग उभारण्याच्या खटपटींत होते. बोलपटांत ते खुनी कैदी जी प्रार्थना म्हणतात ती त्यांना पहारेकऱ्याच्या धाकानें म्हणावी लागत नाहीं. पुढें ती प्रार्थना देशांतल्या कितीतरी शाळांतून म्हटली जाऊं लागली. १९५८ सालीं या बोलपटाला बर्लिनच्या चित्रपटमहोत्सवांत रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. ज्या बर्लिनमधून तेरा वर्षांपूर्वींपर्यंत ऑश्विट्झचे हुकूम सुटत होते, त्याच शहरांत आमच्या कैद्यांची प्रार्थना ऐकली गेली.

आपण घरीं सुखासनावर बसून असे बोलपट पाहतों, आणि डोळे पुसून, कला अमर आहे असें म्हणून उठतों. तसें म्हणण्यांत दुष्टपणा नाहीं. पण थोडी घाई आहे. ज्यांचें गाणें कोणी मागितलें नाहीं, ज्यांना एकहि वाद्य वाजवितां येत नव्हतें, अशी लक्षावधि माणसें त्याच फाटकांतून आंत गेलीं आणि परत आलीं नाहींत. त्यांना कलेनें तारलें नाहीं. ‘कला तारते’ असें सरसकट म्हटलें म्हणजे, न तरलेल्यांच्या अंगीं कांहीं उणें होतें असा अर्थ नकळत निघतो, आणि तो घोर अन्याय आहे. तारावयास हवें होतें शेजाऱ्यांनीं, कायद्यानें, राष्ट्रांनीं. तें त्यांनीं केलें नाहीं, म्हणून तो भार एका व्हायोलिनवर येऊन पडला.

धुळ्याच्या त्या अठरा रविवारांकडे मी आतां थोड्या निराळ्या दृष्टीनें पाहतों. तेथें मोठी कला नव्हती. वाद्यवृंद तर नव्हताच. एक मनुष्य आपल्याला उमगलेलें सांगत होता, एक जण लिहून घेत होता, आणि बाकीचे ऐकत होते. पण बोलावयाचें कीं नाहीं, काय बोलावयाचें, आणि कोणासाठीं, हें सारें त्यांचें त्यांनींच ठरविलें होतें. माणसाजवळचें सर्व काढून घेतलें तरी एवढें त्याच्यापाशीं राहिलें पाहिजे. तें जेथें राहतें तेथें तुरुंगालाहि कांहीं मर्यादा असते. तेंहि जेथें हिरावून घेतलें जातें, तेथें वाजणाऱ्या संगीतानें डोलूं नये. वाजविणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावें. तो बोलपट आपल्याला हेंच पाहावयास लावतो, आणि त्यासाठीं तो प्रत्येकानें एकदां तरी पाहावा, अशी माझी विनंति आहे.